मुखवट्यावरची मोजडी

१

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि तळहात पुढे करा. त्या हातावर कुणीतरी एक मोजडी ठेवली आहे असं समजा. नवरदेवाच्या पायात असते तशीच, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला उघडी. फक्त ती तांदळाच्या कणीएवढी आहे. जोरात श्वास सोडलात तर उडून जाईल. आता सांगा, एवढीशी मोजडी कुणाच्या पायातली असेल?

हरणाच्या हातावर ती पडली तेव्हा तिलाही हाच प्रश्न पडला होता. पण विचार करायला उसंत नव्हती. समोर गावकरी तिच्या बापाचे हात दोराने बांधत होते.

गोष्ट एकोणीसशे शेहेचाळीस सालची. वाळवा तालुक्यात, ओढ्याच्या काठी चिंचोढा नावाचं एक गाव होतं. तेव्हा तो मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत होता, पण हळद-गुळाच्या गाड्या जायच्या सांगलीला. हरणाचा बाप बिराप्पा आटपाडीकडचा धनगर. तिकडे पाणी आटलं की तो मेंढरं घेऊन इकडे यायचा. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, रानाला लेंडीखत मिळायचं आणि बिराप्पाला धान्य. मेंढरांच्या अशा तळाला वाडा म्हणतात. औंदाचा वाडा रंगपंचमीच्या दिवशी चिंचोढ्याला येऊन टेकला होता.

आणि काल सकाळी गावात बोंब झाली, की भैरोबाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला.

हा मुखवटा देवळात नसायचा. पालखीचा मान होता जोतीरामअण्णांच्या घराला, म्हणून तो त्यांच्या देवघरातल्या सागवानी पेटीत असायचा. पेटीचं कुलूप तुटून पडलं होतं आणि पेटी रिकामी होती. अण्णांनी घोड्याला खोगीर घातलं, फौजदाराला बोलवायला इस्लामपूरचा रस्ता धरला, आणि जाता जाता गावकऱ्यांना म्हणाले, "मेंढरांच्या तळाकडं नीट बघा."

लोकांनी नीट बघितलं. वाड्याशेजारी ओढ्याच्या जुन्या पात्रात पाणी साचून एक डबकं झालं होतं. मेंढरं तिथं पाणी प्यायची, कातरणीआधी तिथंच त्यांना धुवायचं. आज सकाळी कोंडीबा गुरव त्या डबक्यात गुडघाभर उतरला, चाचपडला आणि घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन वर आला.

म्हाताऱ्या कोंडीबाने भैरोबाचा चेहरा धोतराच्या सोग्याने पुसला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. त्याने सोगा झटकला तेव्हाच ती कणीएवढी मोजडी हरणाच्या हातावर येऊन पडली.

"देवाशप्पत, मी न्हाई हात लावला," बिराप्पा म्हणत होता.

"मग देव काय चालत आला व्हय रं तुझ्या डबक्यात?" कुणीतरी विचारलं, आणि दोराला आणखी एक गाठ बसली.

हरणाची आई सुलाबाई मटकन खाली बसली. चार मेंढ्या व्यायला आल्या होत्या. फौजदार येऊन बिराप्पाला घेऊन गेला, तर हा कळप आटपाडीपर्यंत कोण नेणार? आणि चोर ठरलेल्या धनगराला पुन्हा कोण रानात बसवून घेणार?

हरणाने मूठ मिटली. वाडा आल्यापासून रोज ती कोकरांना त्या डबक्यावर नेत होती. त्यातला किडा न् किडा तिच्या ओळखीचा झाला होता.

ही मोजडी त्या डबक्यातली नव्हती.

२

गावात एकच माणूस असा होता, जो पाण्यातले किडे बघून नाक मुरडत नसे. लालासाहेब जमादार. लढाईत तो ब्रह्मदेशाच्या जंगलात होता, पण बंदुकीपेक्षा त्याच्या हातात पाणी काढून बघायची डोई जास्त असायची. हिवतापाने पलटणीच्या पलटणी आडव्या पडायच्या, म्हणून डास कुठल्या पाण्यात वाढतात ते हुडकायचं काम त्याच्या तुकडीकडे होतं. घरी परतला तरी सवय गेली नाही. सोप्यात बाटल्यांची रांग, खिशात भिंग. गाव त्याला मागून 'किडे जमादार' म्हणायचं, आणि त्याला ते ठाऊक होतं.

हरणा त्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. चार दिवसांपूर्वी त्यानेच तिला डबक्याकाठी बसून दाखवलं होतं, की पाण्याच्या वर आडवी तरंगते ती हिवतापाच्या डासाची अळी आणि डोकं खाली करून लोंबते ती दुसऱ्या डासाची.

"आवं जमादार, ही कुणाची मोजडी?"

त्याने तिच्या तळहातावर भिंग धरलं आणि मोजडी उलटीसुलटी करून बघितली.

"तू सांग आधी. तुमच्या डबक्यात काय काय हाय?"

"डासाच्या अळ्या. तळाला गाळात लाल किडं, रगतासारखं. गाळाच्या नळ्या करून बसत्यात."

"लाल का असत्यात?"

हरणाने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"साचलेल्या गाळात हवा कमी. म्हणून ते आपल्यासारखंच लाल रक्त बाळगत्यात, मिळंल तेवढी हवा त्यात धरून ठेवायला. माशीचीच पोरं ती. मोठी झाली की पंख फुटून उडून जाणार. आता ही बघ." त्याने मोजडीकडे बोट केलं. "ही बी एका माशीचीच. चिलटाएवढी काळी माशी, पाठीला कुबड असलेली. वढ्याकाठी चावती ती."

"चावती खरी. लय खाजतं."

"तिची अळी दगडाला बुडानं चिकटती आणि डोक्यावरचे दोन पंखे पसरून बसती. पाणी येतं, पंख्यात खाणं अडकतं. म्हणजे तिला कसलं पाणी लागंल?"

हरणाने विचार केला. साचलेल्या पाण्यात पंखा धरून बसलं तर काय अडकणार?

"पळतं पाणी."

"नुसतं पळतं न्हाई. दगडावरनं खळाळणारं, रात्रंदिवस न थांबणारं. तिथंच ती वाढती आणि मग स्वतःभोवती ही मोजडी विणून आत बसती. पंख फुटले की मोजडी टाकून निघून जाती." त्याने मोजडी उजेडाकडे धरली. "आणि ही तर रिकामी हाय. आतली माशी कवाच उडून गेली."

"किती दिस लागत्यात?"

"अंड्यापासनं माशी उडंपर्यंत? पुनवंपासनं आमावस्येपर्यंतचा येळ तरी धर."

हरणा बोटांवर मोजू लागली. होळीची पुनव झाली होती, पण आमावस्या अजून यायची होती. आणि वाडा तर रंगपंचमीला आला होता.

तिने मान वर केली. जमादार तिच्याकडेच बघत होता.

"पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमी गावात यायच्या आधीच हा मुखवटा पाण्यात होता. आणि ते पाणी तुमचं न्हवं."

३

चावडीच्या ओसरीवर बिराप्पाला खांबाशी बसवलं होतं. त्याने लेकीकडे बघून नुसती मान हलवली. हरणाने तोंड फिरवलं, नाहीतर तिला रडू फुटलं असतं.

आत कोंडीबा गुरव मुखवटा मांडीवर घेऊन बसला होता. जमादाराने बघायला मागितला तेव्हा तो कुरकुरला.

"आता बघून काय करणार? तोंड पुसलंय. लाल फडक्यात बांधून ठेवतो, अण्णा आले की त्यांच्या हवाली."

"बघू तर दे गड्या. चोरानं काही खरडलंय का ते बघतो."

"ती पोर लांब राहू दे."

हरणा पायरीवरच थांबली. तिथूनही तिला स्पष्ट दिसत होतं. कोकराच्या लोकरीतली गोचीड चार हातांवरून हेरणारे डोळे होते ते. चेहरा लख्ख पुसलेला होता, पण मुकुटाच्या कोरीव नक्षीत कोंडीबाचा सोगा पोचला नव्हता. तिथं ओळीने मोजड्या चिकटल्या होत्या, आणि सगळ्यांची निमुळती टोकं एकाच बाजूला होती. जमादाराच्या तेही ध्यानात आलं. अळी मोजडी विणते ती निमुळतं टोक प्रवाहाकडे करून. मुखवटा पाण्यात कुणी नुसता भिरकावला असता, तर तो कलंडत गेला असता आणि मोजड्याही चहूकडे तोंडं करून बसल्या असत्या. हा जागेवर पक्का बसवलेला होता.

"कोंडीबा, ह्याला शेवटचा कवा बघितलास?"

"शिवरात्रीला. अण्णांनी पेटी उघडली, मी चिंच लावून घासला, परत ठेवला. किल्ली त्यांच्या करगोट्याला असती, आंघोळीला बी सोडत न्हाईत. माझ्या हाती कवा दिलीय?" म्हाताऱ्याचा स्वर कडवट झाला. "देव देवळात पायजे. मी चाळीस वर्सं हेच सांगतोय. कोण ऐकतंय?"

जमादाराने त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. ज्याला देव देवळात हवा होता, त्याच्याच हाताला तो डबक्यात बरोबर लागावा?

"तुला रं कसं सुचलं डबक्यात उतरायचं?"

"अण्णा म्हणाले तळाकडं बघा. वाड्यात काय मिळालं न्हाई, मग राहिलं डबकंच की."

तेवढ्यात हरणाला आणखी एक गोष्ट दिसली. मुखवट्याच्या डाव्या कानामागे केसासारखी बारीक चीर होती. चिरेत काहीतरी पिवळसर भरलेलं होतं. मेण. तुटलेला कान कुणीतरी मेणाने जागच्या जागी बसवला होता. आणि त्या मेणावर एक मोजडी होती.

ती बोलायला गेली. जमादाराने तिच्याकडे बघून कोंडीबाच्या नकळत नकारार्थी मान हलवली. तिने तोंड मिटलं आणि हळूच स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला. जमादाराने भिंग त्या जागी नेलं, आणि भिंग धरलेला त्याचा हात जरा वेळ तिथंच थांबला.

कोंडीबाला काही कळलं नाही. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्याने मुखवटा लाल फडक्यात बांधून गाठ मारली.

बाहेर आल्यावर जमादार म्हणाला, "मेणाचं कुणाला सांगू नगंस. तुझ्या आईला बी न्हाई."

"पर चोर कशाला वं कान जोडत बसंल?"

"त्योच तर घोळ हाय," जमादार म्हणाला आणि भराभर पाटाच्या दिशेने चालू लागला.

४

चिंचोढ्यात थांबल्याशिवाय वाहणारं पाणी एकच होतं. ओढा फाल्गुनात जागोजागी तुटला होता. विहिरीच्या मोटेचं पाणी नेणारी दांडं बैल सुटले की कोरडी पडायची, आणि तासभर जरी कोरडी पडली तरी ही माशी तिथं राहत नाही. राहिला बंधाऱ्यावरून निघालेला पाट. तो रात्रंदिवस वाहायचा.

पण आज तो वाहत नव्हता. पाटाच्या तोंडाशी माती आणि पाला घालून पाणी अडवलं होतं. गुंडा पाटकरी कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून गाळ उपसत होता.

"कवा बंद केलास रं?"

"काल सकाळी. बंधाऱ्याला खेकड्यांनी भोकं पाडली, लय पाणी वाया जातंय. दरवर्सी पाडव्यानंतर बंद करतो, औंदा आधीच करावा लागला. परवा दवंडी दिली की." तो हरणाकडे बघून हसला. "काय गं, चोराची पोर पाट बघायला आली व्हय?"

हरणा पुढे सरसावली. जमादाराने तिचा हात धरला.

"गुंडा, पाटाकाठी तुझ्याशिवाय कोण हिंडतं?"

"कोण हिंडंल? पाणी सोडायचं, मोडायचं माझ्या हातात. जोतीअण्णाला तेच खुपतं. त्यांच्या उसाला पाळीच्या बाहेर पाणी दिलं न्हाई म्हणून गेल्या साली भर चावडीत मला काय काय बोलले. त्यांच्या घरातला देव गेला म्हणून मी काय रडणार न्हाई."

त्याने फावडं पुन्हा गाळात मारलं, जरा जोरातच.

दोघं कोरड्या पाटातून चालत निघाले. बाकी सगळा पाट संथ, मातीचा. फक्त एका जागी, जोतीरामअण्णांच्या उसाच्या मळ्याच्या बांधाला लागून, तो दगडांच्या उतारावरून खाली उतरत होता. तिथंच पाणी खळाळायचं. आता दगड नुसते ओले होते, आणि त्यांच्यावर काळा थर होता. लांबून शेवाळ वाटावं असा. जवळ जाऊन बघितलं तर त्या अळ्या होत्या. शेकडो, एकमेकींना लागून चिकटलेल्या, सुकत चाललेल्या. मध्ये मध्ये मोजड्या.

"बघ, हितं गाव वसलंय," जमादार म्हणाला.

हरणा खाली वाकली आणि तशीच राहिली.

त्या काळ्या गर्दीत, मधल्या सपाट दगडावर एक जागा लख्ख मोकळी होती. एकही अळी नाही, एकही मोजडी नाही. वरच्या बाजूला मुकुटाची टोकं, दोन्ही अंगांना कानांचे फुगवटे, खाली हनुवटी. दगडावर भैरोबाचा चेहरा उमटला होता.

"दगडावर ठेवला, वर चेहरा करून," जमादार पुटपुटला. "पाठीखालच्या दगडावर पाणी आलं न्हाई, म्हणून तिथं एकबी चिकटली न्हाई."

शेजारच्या फटीत पाण्याने पांढरी पडलेली सुपारी अडकली होती. हरणाने बोटाने उकरली तर खालून कुजलेलं विड्याचं पान निघालं.

"हे कुणी ठेवलं?"

जमादाराने पाटाकडे बघितलं, मग लांब गाळ उपसणाऱ्या गुंडाकडे. रोज ह्या दगडांवरून जाणारा गुंडा. अण्णांवर डूख धरून असलेला गुंडा. ज्या सकाळी चोरी झाली, त्याच सकाळी पाट बंद करणारा गुंडा.

आणि गुंडाही फावडं टेकून त्यांच्याकडेच बघत होता.

५

"गुंडा असंल तर सांगा की वं," हरणा म्हणाली. "माझ्या बाला सोडतील."

जमादार दगडावर बसला होता. शेजारी मळ्यातल्या विहिरीवरून भरून आणलेली बादली होती. थोडी ओल राहिली होती तिथला, जिवंत अळ्या असलेला एक धोंडा त्याने पुरावा म्हणून बादलीभर पाण्यात ठेवला होता.

"पोरी, घाई नगं. पाण्यात विडा-सुपारी कवा ठेवत्यात?"

"देव बोळवताना. आमच्या बिरोबाची जुनी मूर्त भंगली तवा आज्ज्यानं माणगंगेत सोडली हुती. साचल्या पाण्यात सोडत न्हाईत, वाहत्यातच."

"मग?"

ती थांबली. तिच्या डोळ्यांसमोर कानामागचं मेण आलं. मेणावर मोजडी होती. म्हणजे मेण आधीचं, पाणी नंतरचं. आधी कान तुटला. मग कुणीतरी तो जोडायला बघितला. जमलं नाही म्हणून विडा ठेवून, हात जोडून, देव बोळवला.

"चोरी झालीच न्हाई," ती हळूच म्हणाली. "कुणाच्या तरी हातनं देव भंगला."

"कुणाच्या? ज्याच्या हातात होता त्याच्याच. कवा होता? होळीच्या आधी, मोजड्या तसं सांगत्यात. आता मला सांग, होळीला गावात काय करत्यात?"

"मला काय म्हाईत? आमी हुतो कुठं?"

जमादार स्वतःशीच हसला, पण ते हसू टिकलं नाही. "खरंय. मी सांगतो. होळीच्या दिवशी जोतीअण्णाच्या देवघरातली पेटी बंदच सोप्यात आणत्यात. अख्खं गाव पेटीवर डोकं टेकवतं. कुलपाला हळद-कुंकू वाहत्यात. मी बी वाहिलं. कुलूप धड होतं."

हरणाचं डोकं पुढे धावलं. होळीला कुलूप धड होतं आणि मुखवटा तर आधीच पाटात होता. म्हणजे पेटी रिकामी होती. गावाने रिकाम्या पेटीवर डोकं टेकवलं. कुलूप न तोडता जर मुखवटा बाहेर आला असेल, तर तो किल्लीने आला.

आणि किल्ली आंघोळीलाही सुटत नव्हती.

तिने जमादाराकडे बघितलं. तो आपल्या हातांकडे बघत होता. तेव्हा तिला आठवलं. गावातल्या बायका बोलताना तिने ऐकलं होतं, की जमादार जोतीअण्णांच्या घरचाच. त्यांच्या चुलत्याचाच तो पोरगा. एकाच भावकीतले, एकाच पालखीला खांदा देणारे.

"तुमी सांगणार न्हवं?" तिने विचारलं.

बांधावरून घोड्याच्या टापा ऐकू आल्या. अण्णा इस्लामपूरहून परत येत होते. जमादार उठला, कपडे झटकले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "बादली घेऊन ये." आणि घोड्याच्या दिशेने निघून गेला.

हरणाला त्याच्या पाठीवरून काहीच ओळखता आलं नाही.

६

दिवस कलताना गाव चावडीपुढे जमलं. फौजदार उद्या सकाळी येतोय असं अण्णांनी सांगितलं. ते थकलेले दिसत होते. बिराप्पाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

हरणा पायरीजवळ बादली घेऊन बसली होती. पाणी थांबलं की अळ्या मान टाकत होत्या, म्हणून ती हाताने पाणी गोल गोल फिरवत होती. जमादार अण्णांच्या शेजारीच बसला होता.

पोलीस पाटील म्हणाले, "चोर सापडला, देव सापडला. आता पुढचं फौजदार बघतील. चला."

"जरा थांबा," जमादार म्हणाला. "देव दोन दिस घराबाहेर हाय. तसाच ठेवायचा? मानकरी आलेत. अण्णा, तुमच्या हातानं पालखीत बसवा. सगळी मिळून नमस्कार करू."

लोकांना ते पटलं. कोंडीबाने लाल फडक्याचं गाठोडं दोन्ही हातांवर घेऊन अण्णांपुढे धरलं.

अण्णांचे हात उठले नाहीत.

"घ्या की," कोंडीबा म्हणाला.

"आज नगं. आंघोळ न्हाई झाली."

"पाणी तापवायला सांगतो," जमादार म्हणाला. "आमी थांबतो."

अण्णांनी सगळ्या गावाला सांगितलेलं खोटं गावाने गिळलं होतं. आता समोर भैरोबा होता. ज्याला आपण पाण्यात बोळवलं, त्याला पुन्हा पालखीत बसवायचं आणि सगळ्या गावाला त्याच्यापुढे वाकवायचं. अण्णांनी गाठोड्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"न्हाई चालत," ते म्हणाले. "भंगलेला देव पालखीत चालत न्हाई."

कोंडीबा गोंधळला. "भंगलेला? आवं, तुमी तर अजून बघितलाच न्हाई. गाठ मी मारलीय, तुमी तर इस्लामपुरात हुता."

तेव्हा जमादार उठला. आवाज न चढवता त्याने सगळं सांगितलं. मोजडी, पाट, दगडावरचा चेहरा, विडा, होळीचं कुलूप. बादली सगळ्यांपुढे फिरवली. गुंडा पाटकरी डोकं घालून बघत राहिला.

"माझ्या पाटात हे एवढं गाव हाय व्हय," तो म्हणाला, आणि मग जरा वेळाने, "म्हणून दवंडी झाल्यावर अण्णा मला पाट चार दिस बंद करू नगं म्हणत होते."

अण्णा खालीच बसले. होळीच्या थोडं आधी, रात्रीच्या पूजेला मुखवटा उचलताना हातातून निसटला आणि कान तुटला. मानकऱ्याच्या हातून देव भंगला तर मान जातो, हा गावचा रिवाज. आजोबांपासून चालत आलेला मान आपल्या हातून जाणार, हे त्यांना सोसवेना. मेण लावून बघितलं. पण भंगलेला देव पूजेत ठेवायचं धाडस झालं नाही, म्हणून पाटात बोळवला. चैत्रातल्या जत्रेआधी सांगलीच्या सोनाराकडून तस्साच दुसरा करून आणायचा बेत होता. मग पाट बंद करायची दवंडी झाली.

"सापडला असता," ते म्हणाले. "म्हणून काढला. कुलूप फोडलं. घरातली जुनी घोंगडी फाडून त्यात गुंडाळला. डबकं जवळ होतं."

"आणि बिराप्पा परका होता," जमादार म्हणाला.

अण्णांनी होकारार्थी मान हलवली. आता त्यांनी पहिल्यांदा बिराप्पाकडे बघितलं. बिराप्पाने नजर चुकवली नाही.

दोर कुणी सोडायचा यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी जमादारच पुढे झाला, आणि सकाळी ज्याने गाठ मारली होती तो मागे सरकून वाट देत राहिला. फौजदाराला खरं सांगायला जमादार स्वतः जाणार होता. पालखीच्या मानाचं काय करायचं ते गाव नंतर ठरवणार होतं. कोंडीबा मात्र आत्ताच म्हणाला, "देव देवळात."

"रानात बसायचं असंल तर बसा," पोलीस पाटील चाचरत बिराप्पाला म्हणाले. "कोण काय बोलणार न्हाई."

"मेंढ्या विऊ द्या," बिराप्पा मनगटं चोळत म्हणाला. "मग बघू."

सुलाबाई लेकीला हाका मारत होती. हरणा पायरीवर नव्हती.

बंधाऱ्याची भोकं गुंडाने संध्याकाळपर्यंत बुजवली होती, आणि लोक चावडीपुढून पांगताच त्याने पाटाच्या तोंडची माती फोडली होती. पाणी नुकतंच दगडांच्या उतारापर्यंत पोचत होतं. हरणा बादली दोन्ही हातांनी धरून, पाणी हिंदकळत तिथवर पळत गेली. धोंडा उचलून तिने नीट बघितलं. मोजड्यांची निमुळती टोकं कुठल्या बाजूला आहेत ते शोधलं, आणि ती टोकं वरून येणाऱ्या पाण्याकडे करून, चेहरा उमटलेल्या त्या दगडाशेजारी धोंडा घट्ट बसवला. मग ती पालथी पडली, नाक पाण्याला टेकेल एवढी जवळ झाली, आणि वाट बघत राहिली. पहिली अळी सरळ झाली. तिने पंखे उघडले.